तेहतीस नंबरची झोपडी

१

चोरी म्हटली की निदान कुलूप तरी तुटलेलं असावं. आडबंदरच्या ग्रामपंचायतीत तसलं काहीच झालं नव्हतं. कुलूप शाबूत, कपाट शाबूत, कपाटातली शाईची बाटलीसुद्धा जागच्या जागी. फक्त कोळीवाड्याच्या घरांची फाईल तेवढी नव्हती.

विस्तार अधिकारी रामचंद्र टिपणीस कपाटापुढे खुर्ची ओढून बसले. बोर्ली पंचतनला एसटीतून उतरून ते अडीच मैल चालत आले होते आणि गुडघे कुरकुरत होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी इतक्या फायली हरवताना पाहिल्या होत्या, की आताशा एखादी सापडली तरच त्यांना नवल वाटे. निवृत्तीला चार महिने उरले होते. तेवढ्या चार महिन्यांत कुणी काही हरवू नये, एवढंच त्यांचं देवाकडे मागणं होतं. देवानं नेहमीप्रमाणे अर्ज दप्तरी दाखल करून टाकला होता.

पण ही फाईल हरवून चालण्यासारखी नव्हती. आडबंदरच्या कोळीवाड्यातल्या एक्केचाळीस झोपड्यांच्या जागी जिल्ह्याकडून पक्की घरं मंजूर झाली होती. दगडी जोतं, मातीच्या विटा, वर कौलं. अट एवढीच, की अंगठ्यांसह मालकांची यादी, आणि 'हे मी स्वतः पाहिलं' असा टिपणिसांचा दाखला, दोन्ही शनिवारपर्यंत अलिबागला पोचले पाहिजेत. रविवारी एकतीस मार्च. वर्ष संपलं की रक्कम सरकारजमा, आणि चीनच्या लढाईपासून सरकारजमा झालेलं परत येईल अशी आशा कुणी करत नव्हतं. आज बुधवार होता.

"शेवटची कधी पाहिलीस?" टिपणिसांनी विचारलं.

ग्रामसेवक चांगदेव क्षीरसागर भिंतीला टेकून उभा होता. बार्शीकडचा, सव्वीस वर्षांचा, गेल्या जूनमध्ये नेमणुकीवर आलेला. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "सोमवारी, साहेब. काल पाडव्याची सुट्टी. आज सकाळी उघडलं तर ही अशी अवस्था."

"काय काय गेलं?"

"यादी, अंगठ्यांचे कागद, जागेचं पत्र, नकाशा. सगळे कागद गेले." मग घाईघाईनं तो म्हणाला, "रुमाल आहे."

दप्तर बांधायचा लाल रुमाल खालच्या फळीवर होता, चौघडी घालून नीट ठेवलेला. टिपणिसांनी तो उलगडून झटकला. आत काही नव्हतं. त्यांनी पुन्हा घडी घातली, ती काही आधीइतकी नेटकी जमली नाही.

"चाव्या किती?"

"दोन. एक माझ्या कडदोऱ्याला, एक सरपंचांकडे."

"आणि ही घरं गावात कुणाला नको होती?"

चांगदेवनं खिडकीबाहेर, नारळाच्या वाडीकडे पाहिलं. "ते तुम्ही सरपंचांनाच विचारा, साहेब."

२

सरपंच बाळाजींनी टिपणिसांना बसायला खाट दिली आणि शहाळं फोडून हातात दिलं.

"फाईल मीच चोरली का, ह्ये विचारायला आलाव ना, भाऊसाहेब? शहाळं प्या आधी. चोराघरचं असलं तरी गोड हाय."

टिपणिसांना माणूस आवडला, आणि त्यांना त्याचाच कंटाळा आला. ज्याच्यावर संशय घ्यायचा तो माणूस सरळ निघाला की काम वाढतं.

"घरांना तुमचा विरोध होता म्हणतात."

"व्हता, आन अजून हाय. माझ्या वाडीच्या कुंपणाला लागून एक्केचाळीस चुली धुमसणार. त्यांची सुकट वाळणार आन मी जेवायला बसणार. पण त्ये मी सभेत हात वर करून सांगितलं. हरलो. मंग जागेच्या पत्रावर सही केली, दात खाऊन केली, पण केली."

"चावी दाखवा."

बाळाजी उठून देवळीतून चावी घेऊन आले. दिव्याच्या तेलकाजळीनं आणि खाऱ्या हवेच्या गंजानं तिचे दात पार बुजले होते. कुलपात घालायची तर आधी दोन दिवस रॉकेलात भिजवावी लागली असती.

"ह्यो पोरगा आल्यापासून हिला हात लावला न्हाय," बाळाजी म्हणाले. "आन एक सांगू? मी नेली असती, तर गाठोडंच्या गाठोडं उचललं असतं आन खाडीत भिरकावलं असतं. त्याच्या गाठी सोडीत कोण बसतंय?"

टिपणीस उठले. तीन दिवस हाताशी होते आणि पहिला संशयित हातातून गेला होता. यादी पुन्हा करायची म्हटली तर मंजुरी पुन्हा घ्यावी लागणार, आणि मंजुरीला चार महिने लागले होते.

ते अंगणाच्या कडेला पोचले तेव्हा बाळाजींनी मागून हाक मारली.

"भाऊसाहेब, एक्केचाळीस झोपड्या म्हनतां. कवा सोताच्या डोळ्यांनी मोजल्यात का?"

३

टिपणिसांनी त्या मोजल्या. एकोणतीस भरल्या.

ऊन चढलं होतं. त्यांनी खिशातला रुमाल डोक्यावर टाकला आणि दुसऱ्या टोकाकडून पुन्हा मोजायला सुरुवात केली. एकोणतीसच. प्रत्येक झोपडीच्या मेढीला, दर्शनी खांबाला, तारेनं पत्र्याचा बिल्ला बांधला होता. एक ते एकोणतीस, सगळे ओळीत. गेल्या आषाढात पाहणी झाली तेव्हा चांगदेवनं बांधलेले. तीस ते एक्केचाळीस हे बिल्ले कुठेच नव्हते. मोडलेल्या झोपडीची मेढ नव्हती, जळल्याची राख नव्हती, जोत्याचा दगडसुद्धा नव्हता.

"परत मोजा, सायेब. मोजून मोजून वाढत्याल."

भागुबाई आपल्या पडवीत बसून सुकट निवडत होती. साठीची बाई, कोळीवाड्याच्या वतीनं बोलणारी. बोर्लीच्या बाजारात तिनं भाव सांगितला की बाकीच्या गप्प बसत. पुरुष पहाटेच बोटी घेऊन गेले होते, त्यामुळे गावात राज्य तिचंच होतं. मागे तिची सून केसर पोराला कडेवर घेऊन उभी होती. झोपडी एकखणी. आत धाकट्या मुलाचा संसार, आणि थोरला सदा, केसर, त्यांचं पोर असे तिघे पडवीत. त्यांची पथारी एका अंगाला गुंडाळून ठेवली होती.

"भागुबाई, बारा झोपड्या कमी आहेत."

"कमी कशा? कागुदावर हायत ना?"

"कागदच हरवलाय."

हे ऐकून मात्र तिचा हात थांबला. चेहऱ्यावरची थट्टा गेली. "हरवला म्हंजी? मंग घरं?"

"शनिवारपर्यंत सापडला नाही तर नाहीत."

तिच्या डोळ्यांत आलेली भीती अस्सल होती. खोटी भीती टिपणिसांनी आयुष्यभर टेबलापलीकडे पाहिली होती, त्यांना फरक कळत होता. कागद हिनं नेलेले नाहीत, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. पण बारा झोपड्यांचं हिला ठाऊक आहे, हेही केलं.

मनात जे येत होतं ते त्यांना नको होतं. कागदावरच्या बारा झोपड्या म्हणजे कुणाच्या तरी घशात जाणारी बारा घरं. मग चौकशी आली, जबाब आले, आणि ते संपेपर्यंत एकोणतीस खरी कुटुंबंही घरावाचून.

निघताना त्यांची नजर पडवीच्या तुळईकडे गेली. खिळ्याला एक बिल्ला टांगला होता. तेहतीस.

"हा कुणाचा?"

"माझा." कोपऱ्यात जाळं सांधत बसलेली एक किडकिडीत बाई उठली. नीराबाई, नवरा तीन वर्षांमागे वादळात गेलेला. "सरकारनं दिलाय. जपून ठेवलाय म्या."

"बिल्ला झोपडीला बांधतात, बाई. तुझी झोपडी कुठाय?"

नीराबाईनं हनुवटीनं समुद्राकडे दाखवलं.

"पहाटंच दर्यात गेली."

४

टिपणीस तिथेच पडवीच्या कडेला बसले.

"नीट सांग," ते म्हणाले.

"आता काय सांगायचं? पावसाळ्यात बोटी वर वढत्यात का न्हाय?" अडाण्याला समजवावं तशी ती बोलत होती. "वर वढल्या की बांबू लावून झापांनी शाकारायच्या. पार जमिनीपत्तूर झापं. मी वाड्यातल्या हरेश्वरच्या बोटीखाली ऱ्हाते. दोन-अडीच महिने कोरडं ऱ्हातं, बरं असतं. आषाढात चूल पेटवून बसले व्हते, तवा त्यो तुमचा पोरगा छत्री घेऊन आला. भायेरूनच बिल्ला बांधला, आन चिखलातनं घसरत घसरत गेला. मला वाटलं, आता बोटींनाबी नंबर देत्यात."

"आणि नारळी पौर्णिमेला?"

"झापं काढली, बोट गेली. मी हितं आले."

टिपणिसांना हसू आलं. बऱ्याच महिन्यांनी आलं, म्हणून ते जरा जास्तच हसले, आणि केसरही पदर तोंडाला लावून हसली. बार्शीचा पोरगा! जन्मात खाडी पाहिली नाही, पहिलाच कोकणातला पाऊस, समोर झावळ्यांचं छप्पर आणि त्यातून निघणारा धूर. झोपडी नाही तर काय म्हणणार? बांधाजवळ वर ओढलेल्या बारा बोटी त्यानं इमानेइतबारे झोपड्या म्हणून मोजल्या, आणि वरून कुणी पाहायला न येता त्या बारा बोटींना कौलारू घरं मंजूर झाली.

मग त्यांचं हसू ओसरलं.

बारा झोपड्या नाहीत हे आता कळलं. पण यादी अंगठ्यांसह पुरी झाली होती, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. बोटी अंगठा देत नाहीत. म्हणजे दिवाळीनंतर यादी भरायला गेलेल्या माणसाला किनारा रिकामा आणि बोटी पाण्यावर दिसल्या असणार, आपली चूक कळली असणार, आणि तरी त्यानं बारा ओळी भरल्या असणार. आणि आता टिपणीस स्वतः झोपड्या पाहायला येणार, हे पत्र त्याला गेल्या आठवड्यातच मिळालं होतं.

बाळाजीचं बोलणं त्यांना आठवलं. गाठी सोडत कोण बसतंय? खरंच, कोण बसतं? त्यांनी डोळे मिटून तो लाल रुमाल पाहिला, त्याची ती काटेकोर चौघडी पाहिली. आणि उत्तर समोर आलं तेव्हा त्यांना आनंद झाला नाही.

५

चांगदेव कचेरीतच होता. टेबलावर कोरा कागद घेऊन खुलाशाचा मसुदा लिहीत होता.

"फाईल हरवल्याचा खुलासा लिहितोयस?" टिपणीस बसत म्हणाले. "बरोबर. फाईल हरवली तर ताकीद. एखादी पगारवाढ थांबेल. आणि यादी खोटी निघाली तर नोकरी जाते, फौजदारी होते. तुझ्या जागी कुणीही ताकीदच पसंत करेल."

चांगदेवचा टाक थांबला. "म्हणजे... साहेब, सरपंच..."

"सरपंचांची चावी कुलपात फिरणार नाही. आणि त्यांनी नेली असती तर रुमालासकट नेली असती. गावातल्या कुणीही तशीच नेली असती. चोराला रुमालाचं काय? पण तू गाठ सोडलीस, कागद काढलेस, रुमालाची घडी घातलीस आणि परत फळीवर ठेवलास. का रे?"

चांगदेवनं टाक खाली ठेवला.

"मी सांगतो. कागद गेले तर ते दप्तर गेलं. पण रुमाल जडवस्तूंच्या नोंदवहीत आहे, तुझ्या सहीनं ताब्यात घेतलेला. तो हरवला तर भरून द्यावा लागतो. एवढी मोठी चोरी करतानाही तुला त्या नोंदवहीची भीती वाटली." टिपणिसांनी चष्मा काढून डोळे चोळले. "अशी चूक आपल्या जातीचाच माणूस करतो, बाबा. कारकुनाच्या जातीचा. तुझ्या जागी मी असतो तर मीही रुमाल ठेवला असता."

चांगदेवनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो रडत होता. टिपणिसांनी त्याला रडू दिलं.

"बोटी असतात हे माहीत नव्हतं, साहेब," तो शेवटी म्हणाला. "खरंच माहीत नव्हतं. दिवाळीनंतर यादी घेऊन गेलो तर किनारा मोकळा. वर कळवायला हवं होतं. पण बहिणीचं लग्न ठरलं होतं, आणि आकडा मंजूर होऊन आला होता. मी भागुबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, बारा नावं मी देते."

"खोटी?"

"खोटं एकही नाही. सगळी इथलीच माणसं, दुसऱ्याच्या पडवीत निजणारी. पण त्यांना झोपडी नाही, साहेब. आणि योजना झोपडीवाल्यांना आहे."

हे मात्र टिपणिसांनी स्वतः कितीदा वाचलं होतं. ज्याला मोडकी का होईना झोपडी आहे, त्याला घर. ज्याला काहीच नाही, त्याच्यासाठी तक्त्यात रकानाच नव्हता.

"कागद जाळलेस?"

चांगदेवनं दचकून वर पाहिलं. "आवक क्रमांक पडलेले कागद कसे जाळणार, साहेब? ट्रंकेत आहेत, खोलीवर."

६

गुरुवारी सकाळी टिपणिसांनी भागुबाईच्या पडवीत कागद मांडले. रात्रभर त्यांना झोप लागली नव्हती. खरं लिहिलं, की एकोणतीस झोपड्या आणि बारा बोटी, तर प्रस्ताव दुरुस्तीला परत येणार आणि रविवारी सगळ्यांचीच घरं जाणार. छापील दाखल्याखाली नुसती सही केली, तर ती शुद्ध खोटी सही. एकतीस वर्षांत त्यांनी फार मोठी कामं केली नव्हती, पण खोटी सहीही केली नव्हती.

"भागुबाई, तुम्ही चांगदेवला बारा नावं दिलीत. गावात बिनझोपडीची माणसं बाराच होती?"

"बारा?" ती कडवट हसली. "एकोणीस बिऱ्हाडं हायत तशी."

"मग बारा कशी निवडलीत?"

"निवडली," ती म्हणाली आणि पाटीकडे वळली.

टिपणिसांनी टाक उचलला. दाखल्यात छापलं होतं, 'वरील क्रमांकाच्या झोपड्या मी स्वतः पाहिल्या आहेत.' त्यांनी 'क्रमांकाच्या झोपड्या' हे शब्द खोडले, वर 'यादीतील एक्केचाळीस कुटुंबे' असं लिहिलं, 'पाहिल्या' चं 'पाहिली' केलं आणि समासात आद्याक्षरं घातली. छापील मजकुरात खाडाखोड. शनिवारच्या गर्दीत अलिबागला हे कुणी वाचणार नव्हतं, पण तीन-चार महिन्यांनी लेखापरीक्षक नक्की वाचणार होता. मग निवृत्तिवेतन अडकणार, खुलासे मागवले जाणार, आणि म्हातारपणी कचेरीच्या बाकावर बसून राहायचं. तो बाक कसा असतो हे त्यांना चांगलं माहीत होतं, कितीक माणसं त्यांनी स्वतः त्यावर बसवली होती.

"साहेब, हे तुमच्यावर येईल," चांगदेव पुटपुटला.

"येईल. तू दुपारची गाडी पकड आणि हातानं नेऊन दे. आणि फाईल हरवली नव्हती, तुझ्या ट्रंकेत राहिली होती, एवढं लक्षात ठेव." मग ते भागुबाईला म्हणाले, "कुटुंबं पाहिली असं लिहिलंय. तेव्हा मला ती पाहायला हवीत. बोलवा सगळ्यांना."

झोपडीवाले एकोणतीस त्यांनी दारोदार फिरून पाहिले. उरलेल्यांना भागुबाईच्या अंगणात बोलावलं. पुरुष समुद्रावर होते, बायका आल्या. बारा जणींना निरोप होता, पण आल्या एकोणीसच्या एकोणीस. कुणी कडेवर पोर घेऊन, कुणी ओल्या हातांनी. अंगण भरलं.

"तीस," टिपणिसांनी वाचलं. "जनी शिवदास."

"हाय."

"एकतीस. बुधाजी तुळशीराम."

"धनी बोटीवर हायत, मी हाय."

टिपणिसांनी प्रत्येकीकडे नीट पाहिलं आणि नावापुढे खूण केली. तेहतीसला नीराबाई इतक्या मोठ्यानं "हाय!" म्हणाली की बायका हसल्या. पुढची नावं येत गेली. ज्या बाईचं नाव आलं ती बाजूला सरकत होती आणि सरकताना हलकी होत होती, हे दिसत होतं.

"एक्केचाळीस. मैना तुकाराम."

"हाय जी."

टिपणिसांनी खूण केली आणि कागद खाली घेतला. अंगणाच्या मध्यात सात जणी अजून उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे केसर होती, भागुबाईची थोरली सून. पोर कडेवर झोपलं होतं आणि ती अजूनही कागदाकडे पाहत होती.

"झाली का यादी, सायेब?" तिनं विचारलं.

"झाली, बाई."

केसरनं मान वळवून सासूकडे पाहिलं. भागुबाई पाटीवर वाकून सुकट निवडत होती. सकाळी निवडून बाजूला काढलेलीच ती पुन्हा निवडत होती, आणि तिनं मान वर केली नाही.